सोनूची पिवळी वाळू

केरळ, ४ मार्च १९६८

सौ. सुंदराला आशीर्वाद, आयेला दंडवत.

मी बरा हाय. इथं कारखान्यात किनाऱ्यावरची वाळू लोहचुंबकाखालून नेतात. काळी वर चिकटते, जड पिवळी मागं राहते. त्यातलीच बाटलीभर पिवळी मी दिवाळीत आपल्या सोनूला खेळायला आणली होती.

काल नवे साहेब म्हणाले, "पोपट, हिच्यातून न दिसणारे किरण निघतात. लेकरांजवळ नेऊ नकोस." मी लगेच रजा मागितली, मिळाली नाय.

सुंदरा, बाटली काढून घे. सोनू रडली तरी देऊ नको. नदीत टाकू नको, गुरं पाणी पितात. दहिवलीच्या माळावर खोल खड्ड्यात पुरून टाक. पोर नीट जेवते ना?

तार केली असती, पण आपल्या गावाची तार तालुक्यालाच पडून राहते. पत्र पोचायला पाच दिवस लागतील. तवर बाटली तिच्याजवळच असंल गं.

तुझा पोपट