ऑलॉजी म्हणजे विद्या

मंगळवार संध्याकाळ, तामसी

स्वप्नाचं कौतुक झालं की माझ्या पोटात का दुखतं? खरंच सांगता येत नाही मला.

आम्ही दोघी थायलंडच्या मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवतो. परवा मी ‘ऑलॉजी’ हा प्रत्यय ग्रीकपासून समजावला, तासभर. एकेकाचा कॅमेरा बंद होत गेला. स्वप्नाने तोच तिच्या वर्गात दहा मिनिटांत शिकवला आणि फोन करून मला सांगितलंही. सायकॉलॉजीला थाईत ‘चित्तवित्थया’ म्हणतात. चित्तविद्या! म्हणजे ऑलॉजी ती विद्याच.

विद्या. घरातली पहिली पदवीधर मी, आणि रोजच्या तोंडातला हा शब्द दिसला तो तिकडे तेलुगू मुलखातल्या बेल्लमपल्लीच्या स्वप्नाला.

आज तिचं उदाहरण मी गुपचूप माझ्या वर्गात वापरलं. पोरं खुलली. कधी न बोलणारी माली म्हणाली, “टीचर, तुम्ही थाई शिकलात?” मी हसून म्हटलं, “थोडी.” खोटं. शुद्ध खोटं. विद्या म्हणे!

आई म्हणाली, “तोंड पाडून काऊन बसली वो?”

सगळं सांगितलं.

“मंग सांगून टाक ना माय.”

“स्वप्नाला?”

“तिले काऊन? त्या पोराइले सांग.”

हेच तर जड होतं.

शेवटी वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं, मला थाई येत नाही, ते वित्थयाचं स्वप्ना टीचरचं आहे. मालीने लगेच विचारलं, त्यांचा वर्ग किती वाजता असतो?

जिवावर आलं. पण वेळ कळवली, वर्गाची लिंकही पाठवली.