सतरा तासांचा केर

मंगळ. १२ नोव्हें. ९६
मिलिंदला मुंबईच्या गाडीत बसवून आलो. गुरुवारी पहाटे दोनचं विमान, लंडनला थांबून न्यूयॉर्क. कॉम्प्युटरची नोकरी. पासपोर्ट एजंटकडे, तिकीट म्हणे विमानतळावर हातात देणार. मला हे पटत नाही. तीस वर्षं गार्ड होतो, कागद बघितल्याशिवाय हिरवी झेंडी दाखवली नाही. शेजारच्या शिर्क्यांच्या पुतण्यालाही असाच एजंट भेटला होता, पैसे घेऊन पसार. लाजेपायी महिनाभर दादरच्या लॉजमध्ये पडून, आणि घरी फोन काय, तर दुबईत मजेत आहे.
सौ.ने केरसुणी कपाटामागे ठेवली. पोरगा पोचल्याचं कळेपर्यंत घर झाडायचं नाही. स्वतःला दमा, धूळ बसली की छाती भरते. मि. जाताना बजावून गेला, आई, केर काढ. ती ऐकते होय.

बुध. १३
जोशी मास्तरांकडून पृथ्वीचा गोल आणला. दोरा लावून मोजलं. पावणेतेरा हजार कि.मी. ताशी नऊशे धरले तर चौदा तास, वर लंडनचा हॉल्ट तीन. एकूण सतरा. म्हणजे उद्या संध्या. सातच्या आत पोचणं शक्य नाही.

गुरु. १४
फोन आला. दुपारी सव्वाबाराला. सौ.ने घेतला. "आई, पोचलो. आता केर काढ." मी रिसीव्हर ओढून घेतला, कुठून बोलतोस? "न्यूयॉर्कहून, बाबा." आणि कट. मागे लाउडस्पीकरवर बाईचं इंग्रजी. ते दादर स्टेशनावरही असतं.
सव्वादहा तास. एवढ्यात फार तर लंडन. आईच्या दम्यापायी वाटेतूनच थाप मारली असेल, तर ठीक. नाहीतर मुंबई सोडलीच नाही.
सौ. गुणगुणत झाडत होती.

शुक्र. १५
टॉवर चौकात पीसीओवाल्या शर्माला विचारलं. "अंकल, वहाँ की घड़ी साढ़े दस घंटे पीछे है, बस वही चक्कर है।" म्हटलं, फोन माझ्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबाराला आला, ते कुठे मागे गेलं? दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मि.ने दिलेला तिकडचा नंबर तीनदा लावला. लागत नाही. एजंटचा नुसता वाजतो. शिर्क्यांकडे जाऊन त्या लॉजचं नाव विचारावं का? भीती वाटते.

शनि. १६
फोन नाही. सकाळी मि.च्या खोलीत डोकावलो. बॅग बांधली त्या सुतळीचे तुकडे तसेच जमिनीवर, टेबलावर धुळीचा थर. बाकी घर लख्ख. सौ.ला विचारलं, ही खोली राहिली का? तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "फोन ठेवून तुम्ही घड्याळाकडे बघितलंत ना. मग तिथे हातच जाईना."
सूप खाली ठेवून, "तुमचे ते सतरा तास झाले का?"
केव्हाच झाले, म्हटलं.
तिला खोकल्याची उबळ आली. धूळ बाहेर येऊ नये म्हणून त्या खोलीचं दार लोटून घेतलं. झाडायला मीही गेलो नाही. फोनजवळ खुर्ची ओढून बसलोय, हे तिथेच लिहितोय.