नऊ वर्षांच्या पॉइंटांची गादी

मांगेरे, ऑकलंड
मंगळवार, सकाळची प्रार्थना आटोपून

ती. मेलेनाइते वन्सं यांच्या सेवेशी,

तुमची धाकटी भावजय लोसालीने हिचा वाकून नमस्कार. हे पत्र मी खुर्चीवर बसून लिहीत नाही. स्वयंपाकघरात चटई अंथरून खाली बसले आहे आणि कागद स्टुलावर ठेवला आहे, कारण तुम्ही समुद्रापलीकडे टोंगात असलात तरी तुमच्याशी उंचावरून बोलायची माझी छाती नाही. (स्टूल उंच आहे, त्यामुळे अक्षर हनुवटीच्या पातळीवरून येतं आहे. ते तुमच्यातल्या मुख्याध्यापिकेच्या नजरेने पाहू नये.) तुमच्या टाचेचं दुखणं कसं आहे? शेतातले यंदाचे कंद नीट पोसले का? इकडे देवाच्या दयेने सगळे बरे आहेत. यांचे गुडघे होते तसेच आहेत, म्हणजे प्रार्थनेला वाकतात आणि गवत कापायला वाकत नाहीत.

गेल्या दोन महिन्यांत मी तुम्हाला सहा वेळा फोन केला. सहाही वेळा तुमच्या शेजारची मुलगी म्हणाली, "आत्या बागेत आहेत." वन्सं, तुमची बाग मी पाहिलेली आहे. तीन केळी आणि एक पपई. तिथे सहा वेळा जाण्यासारखं काही नाही. तेव्हा तुमचा राग मला समजला आहे असं धरून लिहिते. पुढच्या महिन्यात शनिवारी आमच्या आकोसिताचं लग्न आहे. आमंत्रण तुम्हाला मिळालं हे पाद्रीबाईंकडून कळलं, पण तुमचं उत्तर आलेलं नाही. तिच्या बापाची थोरली बहीण म्हणजे घराण्यातली मानाची आत्या. सगळ्यात उंच आसनावर तिने बसायचं, भेटीतली पहिली चटई तिची, केकचा सगळ्यात वरचा थर तिचा. ती जागा रिकामी ठेवून लग्न लावलं तर लोक मांडवात नवरीकडे बघणार नाहीत, त्या जागेकडे बघतील. पोरगी रोज विचारते, "आई, आत्याचं काय ठरलं?" मी म्हणते, "बागेत आहेत." परवा ती म्हणाली, "आई, तू नक्की काय केलंस?" म्हणून हे पत्र. काय केलं ते मी तुम्हाला पहिल्यापासून सांगते.

ही सगळी सुरुवात किराण्यापासून झाली. इथल्या दुकानात गल्ल्यावर एक नंबर सांगितला की खरेदीवर विमान कंपनीचे पॉइंट मिळतात, हे मला नऊ वर्षांपूर्वी कळलं. मी मॅट्रिक झालेली बाई. गणितात मला त्र्याहत्तर गुण होते, आणि इतकी वर्षं त्यांचा उपयोग फक्त दूध आणि बटाटे यांच्या बेरजेला होत होता. मी वही घातली. (घरखर्चाची वेगळी, चर्चच्या देणगीची वेगळी, ही तिसरी. हिच्या पहिल्या पानावर स्तोत्र लिहिलं, म्हणजे लोभाचं काम वाटू नये.) मंगळवारी पिठावर दुप्पट, गुरुवारी पेट्रोलवर तिप्पट, असं करत करत आमच्या घरात मंगळवारखेरीज पीठ येईनासं झालं. मग गायनमंडळातल्या बायका म्हणाल्या, "लोसालीने, आम्हाला कुठे जायचंय विमानाने, तुझाच नंबर सांगतो." पुढेपुढे अशी वेळ आली की रविवारच्या गीताचा क्रमांक विसरायच्या, पण माझा नंबर सगळ्यांना तोंडपाठ. लिसिआते मामा गेले तेव्हा अंत्यविधीच्या जेवणासाठी डबाबंद मांसाची चाळीस खोकी माझ्या कार्डावर आली. मी तेव्हा मोठ्यांदा रडत होते हे खरं आहे. रडताना मनात सहा हजार दोनशे हा आकडा आला, हेही खरं आहे. त्याबद्दल मी देवाची क्षमा मागितली आणि मग वहीत लिहिला.

नऊ वर्षांत इतके पॉइंट जमले की लॉस एंजेलिसला जायची पुढच्या भागातली दोन तिकिटं निघावीत. पुढचा भाग म्हणजे पडद्याच्या पुढचा, जिथे काचेच्या ग्लासात पाणी देतात. मी ते कधी वापरीन असं वाटलं नव्हतं. पण तिकडच्या धाकट्या भावजींच्या मुलाचं लग्न निघालं, तिथेही मानाची आत्या तुम्हीच, आणि यांना त्या गुडघ्यांसकट बारा तास कोंबून न्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. म्हटलं, एक जागा तुम्हाला मानाची म्हणून, एक यांना गुडघ्यांची म्हणून. मी मागे, रोख पैशांच्या स्वस्तातल्या जागेवर, लग्नात द्यायच्या चटयांजवळ. माझा हिशेब मला इतका सुंदर वाटला की त्या रविवारी मी चर्चमध्ये तो चौघींना सांगितला. (पाचवीने नंतर मला विचारलं, म्हणजे चौघींनी तिला सांगितला.)

कंपनीला फोन केला तर बाई म्हणाली, "पॉइंटवर दोनच जागा शिल्लक आहेत, मधल्या, शेजारीशेजारी." मी म्हटलं, "नीट बसता येतं ना?" ती म्हणाली, "मॅडम, पूर्ण आडव्या होतात." वन्सं, इथे मी थांबायला हवं होतं. आपल्यात भाऊ वयात आला की बहिणीच्या छपराखाली निजत नाही, तिच्या अंथरुणाला हात लावत नाही, ती बसली आहे त्या खोलीत सिनेमा लागला तर उठून अंगणात जातो. हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे पाद्रीबुवांना प्रभूची प्रार्थना शिकवणं आहे. यांना तर सासूबाईंनी नवव्या वर्षीच वेगळ्या झोपडीत निजायला पाठवलं होतं. मला हे सगळं ठाऊक होतं, आणि तरी मी मनाची समजूत काढली की आडव्या म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे असते तेवढ्या आडव्या असतील. खरं कारण असं की त्या बाईने पुढे विचारलं, "घेऊ का, की सोडू?" नऊ वर्षं जमवलेलं ‘सोडा’ म्हणायला माझी जीभ वळली नाही. वर कर म्हणून चारशे डॉलर लागले ते वेगळेच. फुकटाला चारशे डॉलर पडतात हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

विमानतळावर तुम्ही दोघं त्यांच्या खास दालनात गेलात आणि मी बाहेर बाकावर उकडलेले कंद खात बसले, तोवर सगळं ठीक होतं. तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, "इथली माणसं जेवायच्या आधी डोळे मिटत नाहीत, जेवल्यावर मिटतात." तुम्ही विनोद केलात म्हणून मला केवढं बरं वाटलं. तो तुम्ही माझ्याशी केलेला शेवटचा विनोद.

विमान भर दुपारी उडालं. जेवण झाल्यावर त्यांनी सगळ्या खिडक्या बंद करून दुपारची रात्र केली, आणि थोड्या वेळाने हे माझ्या त्रेपन्नाव्या रांगेशी येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही."

"मग उभे का?"

"पाय मोकळे करतोय."

तासाभराने पाहते तर अजून उभेच. मी म्हटलं, "अजून मोकळे झाले नाहीत?"

"मोठे आहेत."

"पुढे काय आहे?"

मग छताकडे बघत म्हणाले, "गादी."

"मग?"

"दोन." आणि आणखी थोड्या वेळाने, "चादर एक."

माझ्या शेजारचे गृहस्थ लगेच म्हणाले, "काकांना माझी जागा देतो, मी जातो पुढे," आणि पट्टा सोडायला लागले. त्यांना मी मांडीवर हात ठेवून थांबवलं (परका पुरुष, पण प्रसंगच तसा होता) आणि धावत पुढे आले. वाटेतच विमानात वाढणाऱ्या त्या गुलाबी गालांच्या मुलीने मला सगळं सांगितलं. तुम्ही लग्न केलं नाहीत म्हणून दोघांचं आडनाव एकच, वायपुना आणि वायपुना. तिने विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली?" तुम्ही म्हणालात, "तो माझा भाऊ आहे." तरी तिने, "भावंडं मिळून प्रवास करताय, किती गोड," असं म्हणून मधली फळी खाली केली, बटण दाबलं, आणि दोन्ही खुर्च्या सावकाश आडव्या होत होत एकमेकींना भिडल्या. वर दोघांत एक मोठी चादर आणि दोन उशांवर दोन चॉकलेटं. तिचा हेतू वाईट नव्हता. हे आपलं चॉकलेट उचलायलासुद्धा थांबले नाहीत.

तुम्ही त्या गादीच्या अगदी कडेला बसला होतात. पाठ ताठ, पर्स मांडीवर, डोक्यावर चर्चची टोपी. ती मुलगी म्हणाली, "आजी, आता तरी आडव्या व्हा," तर तुम्ही म्हणालात, "मी दुपारी झोपत नाही." पलीकडे भावासाठी ठेवलेली उशी होती, तिच्याकडे तुम्ही पाहतही नव्हतात. मी तुमच्या पायाशी खाली बसले, तर ती म्हणाली, "जमिनीवर बसायची परवानगी नाही." मग मी वर बसले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. हे उरलेला सगळा प्रवास माझ्या जागेवर, गुडघे पुढच्या खुर्चीत रुतवून. म्हणजे नऊ वर्षांचं पीठ, पेट्रोल आणि लिसिआते मामा खर्च करून ज्यांना आडवं करायचं होतं, त्यांच्यातलं कोणीही आडवं झालं नाही.

लॉस एंजेलिसला तुम्ही चटयांच्या ढिगावर बसलात, सगळं रीतीप्रमाणे केलंत, सगळ्यांशी बोललात. माझ्याकडे नजर आली की ती पुढे जायची, जशी बैठकीत खांबावरून जाते. येताना तुम्ही फिजीमार्गे परस्पर घरी गेलात. मला ओरडला असतात तर सोसलं असतं. मी स्वतःला पुष्कळ ओरडले आहे. तुमचा मान राखायला निघाले होते आणि तुमचं अंथरूण तासन् तास परक्या लोकांसमोर मांडून ठेवलं. यामागे भक्ती किती आणि वहीतला आकडा एकदाचा वसूल करायची हाव किती, हे वेगळं काढता येत नाही. दुसऱ्या दिवशी कार्ड कात्रीने कापलं. ते पाहून हे म्हणाले, "कात्री बोथट होईल." त्या प्रवासाबद्दल हे आजवर एवढंच बोलले आहेत.

वन्सं, माझा राग आकोसितावर काढू नका. तुमचं साधं तिकीट मी काढलं आहे, कडेची जागा, शेजारी कोणी नाही, खुर्ची अजिबात आडवी होत नाही, मी दोनदा विचारून घेतलं. तुम्ही आलात तर लग्न होईपर्यंत मी तुमच्या समोर उभीसुद्धा राहणार नाही, भांड्यांकडे बसेन. फक्त या.

तुमची अपराधी भावजय,
लोसालीने

ता. क. कार्ड कापलं, पण नंबर अजून चालू आहे असं कळलं. तुमचं त्या वेळचं टोंगा ते ऑकलंड हे तिकीट रोखीचं होतं, त्याचे पॉइंट कुठेच जमा झालेले दिसत नाहीत. विमानात चढताना दिलेलं तिकिटाचं अर्धुक तुम्ही बायबलमध्ये ठेवता, ते असल्यास आणावं. तुमच्याच नावाने खातं उघडीन. मला त्यातलं काही नको.

आणखी एक ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. वर मी ‘कोणीही आडवं झालं नाही’ असं लिहिलं आहे, ते खरं नाही. मी झाले. तुमच्या सोबतीला म्हणून यांच्या बाजूला टेकले आणि जी झोपले ती न्याहारीचे ट्रे वाजले तेव्हा उठले. मानाची आत्या ताठ बसलेली आणि भावजय तिच्याकडे पाय करून घोरत पडलेली, हे सगळ्या पुढच्या भागाने पाहिलं. तुमचा राग चादरीचा नाही, याचा आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि चार पानं मी चादरीबद्दल लिहिलं. एकतीस वर्षांच्या संसारात मला तशी झोप कधी लागली नव्हती. रोज पश्चात्तापाला गुडघे टेकते आणि मध्येच ती गादी आठवते, मग प्रार्थना पहिल्यापासून म्हणावी लागते. उठले तेव्हा माझ्या पायांवर तुमची काळ्या काठाची चर्चची शाल होती. मी स्वतः ती घेतली नव्हती. तुम्ही समोर बघत होतात, आणि मी लाजेने ती घडी करून माझ्याच पिशवीत घातली. शाल इथे आहे. दुकानात वजन केलं, साडेचारशे ग्रॅम, पोस्टाने सहज जाईल. पण मी पाठवणार नाही. लग्न दुपारी दोनला आहे, न्यायला या.