झाकणावरचा दगड

आई,

परवा मी जेवण अडवलं. आपल्या दूध डेअरीची वार्षिक सभा होती, मांडवात माणसं भुकेली बसली होती, भात शिजून दमाला लागला होता, आणि मी झाकण काढलं नाही. तुला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगते. वरती आता आपल्या गावची बरीच माणसं जमली असतील, आणि तिखटमीठ लावून सांगायची खोड मेल्यावर जाते असं काही मला वाटत नाही.

डेअरीच्या मागच्या भिंतीला लागून तुझी तीन दगडांची चूल असायची. मी लहान, कांदे चिरतेय, नाकाडोळ्यांतून पाणी गळतंय, आणि भिंतीपलीकडं सचिव एकेक विषय वाचतायत. प्रत्येक विषयाला पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा गलका उठतो. सगळ्यात शेवटी येतात ऐनवेळचे विषय, म्हणजे जे नोटिशीत लिहिलेले नसतात आणि चेअरमनच्या परवानगीनं तिथल्या तिथं मांडले जातात. नेमके तेव्हाच त्या वेळचे चेअरमन भिंतीच्या कोपऱ्यावरून डोकावतात. ‘वैनी, घ्या वाढायला.’ तू पातेल्याच्या झाकणावरचा दगड बाजूला करतेस, झाकण काढतेस. मसालेभाताचा वास मांडवात शिरतो. माणसं उठतात, चपला शोधतात, पंगतीत जागा धरतात, आणि सचिव त्यांच्या पाठींना शेवटचा विषय वाचून दाखवतात. मंजूर, मंजूर. मी विचारते, ‘आई, काय मंजूर झालं गं?’ तू म्हणतेस, ‘आपल्याला काय करायचंय? मानसं भुकेली हायेत, पत्रावळ्या घे.’

त्याच पंगतीत मी एकाला ‘थांबा जरा’ म्हटलं, तर तू माझ्या मनगटावर पळी हाणलीस. पळी गरम होती. ‘पानावरल्या मानसाला थांब म्हनायचं न्हाई. मग त्यो कुनी का आसंना.’ हा तुझा नियम मी परवापर्यंत पाळला. तू मला गावातच दिलीस, त्यामुळं तुझं पातेलंही माझ्याकडंच आलं आणि सभेचं जेवणही. आता आम्ही बचत गटाच्या बायका मिळून ते करतो. पण त्या दिवशी काय मंजूर झालं होतं, ते तुला कधी कळलं का? पेंडीचं गोदाम. डेअरीचं स्वतःचं गोदाम चेअरमनच्या मेव्हण्याला भाड्यानं गेलं, आणि गावात मिळणारी म्हशींची पेंड वेल्ह्याला त्याच्या दुकानात मिळायला लागली. मग तू एसटीनं वेल्ह्याला जायचीस, पोतं डोक्यावर घेऊन फाट्यापासून चालत यायचीस, आणि ओट्यावर टेकून म्हणायचीस, ‘सरकारच आसलं, त्याला काय करायचं.’ सरकारनं काही केलं नव्हतं, आई. तू झाकण काढलंस आणि गोदाम गेलं. मला त्याचा राग होता. अजून आहे.

भोरच्या बँकेत काचेपलीकडं साहेब बसतो, तहसीलला फाइली हलतात, मुंबईत मंत्री बसतात, आणि लोकांना वाटतं की आपलं बरंवाईट सगळं तिकडंच कुठंतरी ठरतं. ठरत असेल. पण आपल्या म्हशीचं दूध कुठं जाणार आणि त्याचा भाव कोण सांगणार, हे मी डेअरीच्या मांडवात ठरताना पाहिलंय, आणि तेही माणसांच्या पोटात कावळे ओरडायला लागले की. हे मला कुठल्या शाळेनं शिकवलं नाही, कांदे चिरता चिरता समजलं. आणि हेही ऐक, मला डेअरी मोडायची नाही. दूध मी माझ्या नावावर घालते, मी सभासद आहे. तू पहाटे उठून धारा काढल्यास, पण सभासद माझा बाप होता. तुझ्या वाट्याला त्या संस्थेतलं फक्त चुलीमागचं अंगण आलं. ती जितकी चेअरमनची आहे तितकीच माझी आहे, आणि हे म्हणायला मला आता कुणाची परवानगी लागत नाही.

तर झालं असं. सभेच्या आधी काही दिवस डेअरीसमोर पुण्याची गाडी उभी होती. दोन माणसं रस्त्याकडची जागा टेप लावून मोजत होती, आणि टेपचं दुसरं टोक आपल्या आत्ताच्या चेअरमननी धरलं होतं. पानशेतकडं जशी हॉटेलं झाली तशी आता मार्गासनीच्या रस्त्यालाही होतायत. ती जागा गेली की तिथं चालणारं दूध संकलन बंद, मग दाराशी येणाऱ्या खासगी टेम्पोला तो सांगेल त्या भावानं दूध घालायचं. नोटिशीत याबद्दल अक्षर नव्हतं. शेवटी फक्त ते नेहमीचं, ऐनवेळचे विषय.

सभा शेवटाकडं आली आणि चेअरमन कोपऱ्यावरून डोकावले. हेही अगदी त्याच जागेवरून डोकावतात, बघ.

‘आक्का, घ्या वाढायला.’

‘घेते. आधी शेवटचा विषय सगळा वाचा.’

‘आवो, किरकोळ हाय त्यो.’

‘मग वाचूनबी लौकर व्हईल.’

माझ्याबरोबरच्या बायका फिस्सकन हसल्या. चेअरमनना हसू आलं नाही. त्यांनी झाकणाकडं हात केला, तसा मी पातेल्यावरचा दगड दोन्ही हातांनी दाबून धरला आणि ओरडले, ‘विषय वाचल्याबिगर ह्यो दगड उठनार न्हाई!’ मांडवात सगळे माना वळवून बघायला लागले. वरच्या आळीचे तात्या, तुझ्या बरोबरीचे, काठी टेकत पार चुलीपाशी आले. ‘भुकेल्याचं जेवान आडवतीस व्हय गं? तुज्या आयनं कदी आसं केलं न्हाई.’

आई, तेव्हा मी जे बोलले ते सगळ्या गावानं ऐकलं. ‘तिनं न्हाई आडवलं म्हनूनच पेंडीचं गोदाम गेलं, तात्या.’

तुझ्याबद्दल चारचौघांत मी असं पहिल्यांदाच बोलले. ते मी मागं घेणार नाही. तू वर रागावली असशील तर रागाव. सचिवांनी चेअरमनकडं पाहिलं, मग कागदाकडं, आणि वाचायला लागले. डेअरीची रस्त्याकडची जागा विकायची आणि त्याचे सगळे अधिकार चेअरमनना द्यायचे. पुढच्या रांगेतून दोघेतिघे सवयीनं ‘मंजूर’ म्हणाले, पण या वेळी मागं कुणी उठलेलं नव्हतं. कुणीतरी विचारलं, ‘मंग दूध कुटं घालायचं?’ मी म्हणाले, ज्यांना जागा विकायची नाही त्यांनी हात वर करा. हात वर झाले, कित्येकांच्या हातात पत्रावळ्या होत्या, त्या पत्रावळ्यांसकट. मोजायची वेळ येण्याआधीच चेअरमननी विषय तहकूब केला.

नामंजूर नाही, तहकूब. म्हणजे तो परत येणार. येऊ दे. पुढच्या सभेचं जेवण नसरापूरच्या केटररकडून मागवणार आहेत, असं काल मला ऐकवण्यात आलं. मागवू देत. मी अंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून मांडवात पहिल्या रांगेत जाऊन बसणार आहे, आणि माझ्या हातात पळी नसेल.

हे पत्र तुला पोचायची काही सोय नाही. तुझ्या फोटोपुढं ठेवलं तर सुना वाचतील, म्हणून पातेल्यात ठेवून वर झाकण घालते. एकच गोष्ट राहिली, ती मी कुणाला सांगितलेली नाही. गावात सगळे म्हणतात की आक्काचा दगड शेवटपर्यंत हलला नाही. तो हलला होता. तात्यांना शुगर आहे. सचिव वाचत होते आणि सगळ्यांचं लक्ष तिकडं होतं, तेव्हा तात्यांचा काठीवरचा हात थरथरताना मला दिसला. मी झाकण थोडंसं सरकवून त्यांच्या पानावर भात घातला, आणि ते भिंतीच्या आडोशाला बसून गपागप खायला लागले. हात वर करा म्हटल्यावर तिथूनच त्यांचाही हात वर आला. उष्टा होता, शितं चिकटली होती.