बातमी फोनवर सांगायची नाही

प्रिय तेस्फाये,

काल चर्चमध्ये तुझा चाळीसावा झाला, आमचा तेरावा असतो तसा. तुमची माणसं तुमच्या अम्हारिक भाषेत तुझ्याशी बोलली, रडली, जेवली. मी कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलो होतो. मलाही तुझ्याशी बोलायचं होतं, पण त्या गर्दीत मराठी कुठे काढू? म्हणून आज गॅरेज बंद ठेवून लिहायला बसलोय. तुला वाचता येणार नाही, ठाऊक आहे. पण तुझं इंग्रजी तरी मला कुठे धड कळायचं!

खरं कारण वेगळंच आहे. तुझी लेक मेरॉन काल माझ्याशी बोलली. ते तुला सांगायचंय, पण पहिल्यापासून सांगतो. माझी बाजूही ऐक.

आठवतं, पहिल्यांदा तू टॅक्सी घेऊन आलास? गाडी आत वळतानाच मी ओरडलो, "पुढचं डावं बेअरिंग गेलंय!" तू उतरलास, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंस आणि विचारलंस, "इंडियन?" हो म्हटल्यावर ताठ उभा राहून म्हणालास, "गुड मॉर्निंग, टीचर!"

का, तर तुमच्या गावच्या शाळेत गणिताला भारतीय मास्तर होते. तेव्हापासून तुझ्या लेखी प्रत्येक भारतीय हा मास्तरच. अरे, मी दहावीला गणितातच आपटलेला माणूस! नाशिकरोडला स्कूटरचे कार्बोरेटर पुसत मोठा झालो. इथे सातासमुद्रापार, अल्फारेटा गावात, सगळे मला दत्ताकाका गॅरेजवाले म्हणतात. टीचर म्हणणारा तू एकटाच.

आणि तुझा तो गर्व! तुमच्याकडे महिने तेरा, तुमची लिपी तुमची स्वतःची. एकदा मी सांगितलं, तुमच्यातले लोक शेकडो वर्षांपूर्वी आमच्या कोकणात येऊन जंजिऱ्याचा किल्ला राखून होते, आम्ही त्यांना हबशी म्हणायचो. मनात म्हटलं, आता हा चिडतो. तू छाती फुगवलीस. "हबेशा! येस! म्हणजे आपण जुने शेजारी, टीचर. डिस्काउंट दे."

मग माझी आई गेली.

सकाळी गॅरेजचं शटर वर केलं तर बाहेर तू आणि तुमची माणसं ओळीने उभी. सगळ्यांच्या खांद्यांवर पांढरी उपरणी. मी म्हटलं, "काय रे, सगळ्यांच्या गाड्या एकदम बंद पडल्या?" कुणी हसलं नाही. तू माझे दोन्ही हात धरलेस आणि सांगितलंस.

नंतर कळलं, माझ्या भावाने आदल्या संध्याकाळीच विद्याला फोन केला होता. तिने घाबरून तुला केला. आणि तू माझ्या बायकोला चक्क दटावलंस, "आत्ता सांगू नकोस. एकटी कशी सावरशील त्याला? सकाळी आम्ही सगळे येतो." ती बिचारी तोंडात पदर कोंबून रडत राहिली आणि मी शेजारी घोरत होतो! केवढा भडकलो होतो तुझ्यावर. "माझी आई, माझी बातमी! लपवणारा तू कोण?"

तू वाद घातला नाहीस. उकडलेल्या गहू-हरभऱ्यांचा वाडगा पुढे केलास. मी बघतच राहिलो. या तर घुगऱ्या! आमच्याकडे बारशाला वाटतात, तुमच्याकडे मयताच्या घरी. त्या चावत चावत मी रडलो, आणि तुम्ही कुणी घड्याळाकडे बघितलं नाहीत.

तेव्हा तू तुझं सांगितलंस. देशात लष्कराचं राज्य आलं, तू पळून सुदानच्या छावणीत पोचलास. तिथे पाण्याच्या रांगेत गावचा एक जण सहज बोलून गेला, "तुझे वडील गेले ना मागच्या वर्षी?" तू म्हणालास, "टीचर, मी बादली भरली. रांग सोडली असती तर पाणी गेलं असतं. बादली घेऊन चालत राहिलो." तुमच्याकडे अशी बातमी दारात जाऊन सांगायची रीत आहे, मेर्दो. माणसं जमवायची, एकत्र जायचं, बसून राहायचं. तुला ते मिळालं नाही, म्हणून तू दुसऱ्या कुणाचं चुकू दिलं नाहीस.

त्यानंतर तू मला तुमच्या इद्दिरमध्ये घेतलंस. मी आमच्या लोकांना समजावतो, "भिशी असते ना, तशी मयताची मंडळी. फरक इतकाच, नंबर लागायची कुणाला घाई नसते." तू हे ऐकून किती हसला होतास!

आणि नंबर लावलास तो तूच. माझ्याच गॅरेजमध्ये, कॉफीचा कप हातात असताना कोसळलास. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बाहेर आल्या त्या मान हलवतच. त्यांच्या कागदांवर जवळचा माणूस म्हणून तू फोन नंबर माझा दिलेला. इतका विश्वास कशाला टाकायचा रे माणसावर?

तेवढ्यात मेरॉनचा फोन. दुसऱ्या राज्यातून, नोव्हायहून. "दत्ता अंकल, डॅड फोन उचलत नाहीयेत. इज ही ओके?" मागे टिक-टिक ऐकू येत होतं. इंडिकेटर. पोरगी गाडी चालवत होती, एकटी.

मी म्हटलं, "झोपलाय गं. उठला की सांगतो."

गिऱ्हाइकाला तोंडावर इंजिन गेलं म्हणून सांगणारा मी! फोन ठेवला.

मग तुमच्या इद्दिरच्या अध्यक्षांना घेऊन विमान पकडलं. त्यांनी तिकडची तुमची माणसं जमवली. सकाळी मेरॉनच्या दारात आम्ही सगळे. तिने दार उघडलं, खांद्याला लॅपटॉपची बॅग, पांढरी उपरणी बघितली. कुणी काही सांगायच्या आधीच तिला कळलं. पण बघत होती माझ्याकडे. "यू सेड ही वॉज स्लीपिंग." मग ती कोसळली, आणि बायकांनी तिला वरच्यावर धरलं.

तुझ्या दफनापर्यंत माझ्यापासून लांबच राहिली. फक्त एकदा म्हणाली, "ते माझे डॅड होते. मला कधी कळावं, हे तुम्ही कोण ठरवणारे?" माझेच शब्द, तेस्फाये! आईविना वाढवलेली तुझी पोर. तू गेलास आणि तीही तुटली, तर माझ्याकडे तुझं उरलं काय? खरं सांगतो, रागावलो होतो तुझ्यावर. तुझी रीत मी पाळली, बोलणी मी खाल्ली.

काल ती ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. मग विचारलं, "मी ड्राइव्ह करत होते, तुम्हाला माहीत होतं?"

"इंडिकेटर ऐकू येत होता."

ती ताटाकडे बघतच म्हणाली, "आय अ‍ॅम स्टिल मॅड अ‍ॅट यू."

"बरोबर आहे तुझं."

"आणि रोहन? तो जर्सी सिटीत एकटा राहतो. तुम्हाला काही झालं तर त्याच्या दारात कोण जाईल?"

माझ्या मुलाचा विचार मी केलाच नव्हता! आमचे लोक चांगले आहेत रे, डबे आणतात, ग्रूपवर हात जोडतात. पण दारात?

"त्याचा पत्ता पाठवा मला," मेरॉन म्हणाली. "मी जाईन. माणसं घेऊन जाईन." मग इंजेऱ्याचा, तुमच्या त्या आंबूस घावनाचा, मोठा घास केला, तू करायचास तसाच, तोंडात न मावणारा, आणि माझ्यासमोर धरला. "ओपन."

खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटाने, असं सगळ्यांना सांगितलंय.

तर तेस्फाये, शब्द देतो. तुझ्या मेरॉनला यापुढे कुठलीही वाईट बातमी एकटीने ऐकावी लागणार नाही. मी आहे तोवर मी जाईन, मी नसलो की रोहन जाईल. त्याला आज सकाळी फोन करून हे सांगायला लागलो, तर म्हणतो कसा, "बाबा, असलं काही फोनवर सांगतात का?"

तिकीट काढलंय. शनिवारी जातो, समोर बसून सांगतो.

तुझा टीचर,
दत्ता