पुढचे दोन टायर

दि. ३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू दिलेली गाडी रुसली आहे. सरळ रस्त्यावर गुणी मुलीसारखी चालते. पण दवाखान्याच्या आवारात वळवायला स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की अडते, थरथरते आणि मागून कुणी धरून ठेवल्यासारखी धक्के खात सरकते. वळताना टकटक आवाजही येतो. चारही चाकांना ताकद देणारी गाडी म्हणजे एकत्र कुटुंब, असं तू म्हणायचीस ना? तर या कुटुंबात सध्या जोरात भांडण चालू आहे.

चेष्टा पुरे. महिनाअखेरीस आरोग्य कार्यालयाचा तपासनीस गाडी पाहायला येणार. ती नापास झाली तर वरच्या वस्त्यांची माझी फेरी बंद, आणि मला खाली टेबलाशी बसवून औषधांच्या नोंदी करायला लावतील. वर बहुतेक म्हातारी माणसं. कुणाची जखम बांधायची असते, कुणाला इंजेक्शन द्यायचं असतं. ती काही चालत खाली यायची नाहीत, आणि त्या निसरड्या चढावर साधी गाडी टिकत नाही. मला खरंच धास्ती वाटते आहे.

मागच्या महिन्यात बाबा चार दिवस राहून गेले. गाडी आतून-बाहेरून धुतली, आणि मला पत्ता न लागू देता टायरवाल्याकडे नेऊन पुढचे दोन टायर नवेकोरे घालून आणले. इतके खुशीत होते! तुझी चौकशीही करत होते.

खुब्याला जप. तुझा लोभ आहेच, सोबत एखादी युक्तीही पाठव.

तुझी,
भिंगरी


दि. ८ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

गाड्या रुसत नाहीत, ते काम माणसांचं. आणि हो, पत्रात बापाचं कौतुक सुरू झालं की तेवढा मजकूर मी ओलांडून पुढे जाते, हे तुला ठाऊक आहे. उगाच शाई वाया घालवू नकोस. मी खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात पडले असताना या गृहस्थांनी माझं गॅरेज आवरलं. जुन्या गाड्यांचे जन्मभर जमवलेले सुटे भाग भंगारवाल्याला दिले आणि वर फरशी फिनेलने पुसली! असो. आठवलं तरी रक्त उसळतं.

आता ऐक. टकटकीचं सोपं आहे. पुढच्या चाकांच्या मागे वाकून बघ. चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या टोकाला घड्यांचा रबरी बूट असतो. तो फाटला की ग्रीस उडून जातं, आत धूळ शिरते आणि सांधा वाजायला लागतो. तो बदलून घे. मग मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी सावकाश गोल फिर. तरीही थरथरली, तर पुढच्या-मागच्या चाकांमधलं कपलिंग अडकतंय असं समज. वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची लहान. तेवढी सूट कपलिंगने द्यायची असते. ते देत नसेल तर ओढाताण होणारच. खाली उतरून वासही घे. जळक्या तेलाचा आला तर लगेच कळव.

तपासनिसाला घाबरू नकोस. तुझी फेरी अशी कुणाला बंद करू देणार नाही मी.

आशीर्वाद आहेतच, जेवणाची वेळ मात्र चुकवू नकोस.

तुझी,
आत्या


दि. १५ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

डाव्या बाजूचा बूट फाटलेलाच निघाला. इथल्या मेकॅनिकने सांधा बदलला आणि टकटक थांबली. मग शाळेच्या मैदानावर गोल गोल फिरले. मुख्याध्यापिकाबाई खिडकीतून बघत होत्या. मी या वयात गाडी शिकते आहे असं वाटून त्यांनी धीर देणारा हात हलवला.

पण थरथर जशीच्या तशी. जळका वासही आला. मेकॅनिकचं म्हणणं, कपलिंग संपलं, या गाडीचा भाग आता कुठे मिळत नाही, विकून मोकळ्या व्हा. मी हिरमुसून घरी आले.

काल वरच्या टोकाच्या कुंभारआजींना सांगितलं, की कदाचित पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही. त्या माझा हात धरून बसल्या. उतरताना मला रस्ता नीट दिसेना. बाबांनाही सगळं कळवलं आहे.

दुसरा काही उपाय असेल तर सांग. लोभ वाढवू नकोस, आहे तेवढ्यानेच डोळे भरून येतात.

तुझी,
भिंगरी


दि. १९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र फाडण्यापूर्वी एवढं वाच, की हे गाडीविषयी आहे.

मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पोरीला चढावर त्रास नको म्हणून मी पुढचे दोन टायर नवे घालून दिले. टायरवाला चारही बदला म्हणत होता. पण मागच्यांवर अजून नक्षी दिसत होती, ते टाकून कशाला द्यायचे? नवे पुढे, जुने मागे. घरच्या फोटोत लहान मुलं पुढे बसतात आणि मोठी मागे उभी राहतात, तसं. दिसायलाही छान दिसतं. एवढं करूनही गाडी अडते याचं नवल वाटतं.

तू सांगशील तेवढंच करीन, मनाने काहीही करणार नाही. माझ्यावर राग राहू दे, पण पोरीची फेरी वाचव. टेबलाशी बसली तर ती कोमेजून जाईल.

उत्तर दिलंस तर आनंद होईल, नाही दिलंस तरी तक्रार नाही.

तुझा,
धाकटा भाऊ


दि. २२ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वडिलांना तिकडे बोलावून घे आणि हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव. मी त्यांना लिहीत नाहीये.

फोटो म्हणे! झिजलेला टायर नव्यापेक्षा घेराने लहान असतो. तेवढाच रस्ता कापायला त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात. म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा तुझी पुढची आणि मागची चाकं एकमताने चालत नाहीत, आणि मधलं कपलिंग दिवसभर दोघांची समजूत घालून तापतं. असं तापून ते आखडतं, मग वळणावर सूट देताना त्याचा जीवच जातो. साध्या गाडीला हे खपतं. या गाडीला चारही टायर सारखे लागतात.

तुझं पहिलं पत्र पुन्हा काढलं. तू सगळं लिहिलं होतंस. मी तेवढाच मजकूर ओलांडला आणि तुला मैदानात गरगर फिरवत बसले. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांची कुरकुर कान देऊन ऐकली, आणि भावाचं नाव आलं की कानावर हात. माझ्याइतकी हट्टी बाई शोधून सापडायची नाही.

पुढच्यासारखेच दोन नवे मागे घाला, त्याच मापाचे, त्याच बनावटीचे. कपलिंगच्या पेटीतलं जळकं तेल काढून ताजं भरा. तोवर गाडी हलवू नका. कपलिंग वाचेलच असं सांगता येत नाही. गेलं असेल तर माझ्याकडे एक होतं. ते कुठे गेलं हे वडिलांना विचार.

काय होतं ते लगेच कळव. इथे चैन पडत नाही.

तुझी,
आत्या


दि. ३१ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पास! तपासनिसाने आवारात पूर्ण स्टिअरिंग वळवून दोनदा फिरायला लावलं. मी श्वास रोखून धरला होता. गाडी मुकाट्याने वळली. कपलिंग वाचलं! सकाळी थंड असताना किंचित शहारते, पण चार पावलं गेली की शांत. फेरी माझीच राहिली, आत्या!

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. भंगाराच्या ओळीला ते खाली मान घालून बसले. मग उठून थेट टायरवाल्याकडे गेले. टायर आणि तेल बदलून झाल्यावर मैदानावर मी गाडी गोल फिरवत होते, तेव्हा ते शेजारून वाकून चालत होते, कान लावून. पांढऱ्या सदऱ्याला चिखल लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

काल फेरीला मी त्यांना बरोबर नेलं. त्या निसरड्या चढावर गाडी एकदा घसरली, मग चारही चाकांनी जमीन धरली आणि वर चढली. कुंभारआजी दारात उभ्याच होत्या. मी पट्टी बांधत असताना बाबा बाहेर गाडीपाशी थांबले. परतताना म्हणाले, की भंगार म्हणून त्यांनी जे देऊन टाकलं, त्यात अशा किती जणांचे चढ होते कोण जाणे. आणि रडले. मी त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

हा मजकूर ओलांडू नकोस. तुझा लोभ माझ्यावर भरपूर आहे. त्यातला थोडा बाबांकडे वळवावास, ही विनंती.

तुझी,
भिंगरी


दि. ५ नोव्हेंबर

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मुलीच्या पत्रातला तुझ्याबद्दलचा मजकूर वाचला. दोनदा वाचला.

सोमवारी गॅरेज उघडते आहे. शेजारच्या दूधवाल्याची तसलीच जुनी गाडी वळणावर कण्हते म्हणतात. मला आता खाली वाकता येत नाही. गाडीबरोबर वाकून चालणारा, कान लावणारा माणूस हवा आहे, आणि मळले तरी चालतील असे कपडे त्याने घालावेत. रविवारीच ये, म्हणजे रात्रभर बोलता येईल. सांगायचं फार साठलं आहे.

लोभ होता तिथेच आहे. मध्ये अडकला होता, एवढंच.

तुझी,
ताई