आईंसाठी मोठ्या अक्षरात

जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर
९ सप्टेंबर २०२५

ती. आईंना मृदुलाचा नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? सिंधूताई रोज येऊन जातात हे ऐकून बरं वाटलं.

छापील कागद पाहून बँकेचं काहीतरी आलं असं वाटलं असेल. मीच आहे. आपण घरी प्रिंटर घेतला. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत, आणि माझं हस्ताक्षर कसं आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. एवढं पुरतं का ते कळवा. नाहीतर अजून वाढवते.

हा बिनवायरचा आहे. म्हणजे विजेची वायर असते, पण मोबाइलला किंवा कॉम्प्युटरला जोडायची नसते. मी आतल्या खोलीतून बटण दाबलं की बाहेर हॉलमध्ये कागद निघतो. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात अख्खा शनिवार गेला. शाईच्या चार बाटल्या आधी त्याच्या पोटात ओतायच्या. त्यातली काळी माझ्या हातावर सांडली, अजून नखांत आहे. मग त्याला घरातल्या वाय-फायची ओळख करून द्यायची. एक दिवा लुकलुकत राहतो, तो स्थिर झाला की ओळख पटली. आमचा काही स्थिर होईना. मिलिंद पुस्तिका धरून बसला होता. तो ओळीवर बोट ठेवायचा, मी वाचून बटण दाबायची. आमचं दोघांचं काम एरवीपेक्षा शांतपणे झालं म्हणायचं.

शेवटी शेजारचे कृष्णमूर्ती आले. नाव इकडचं असलं तरी घरात मराठी बोलतात, कितीतरी पिढ्या म्हैसूरलाच आहेत. त्यांचे आजोबा कापड रंगवायचे आणि छापायचे. प्रत्येक गोष्टीला ते आधी 'नोडोणा' म्हणतात, म्हणजे बघू या.

"नोडोणा. काय हो, तुमच्या वाय-फायला नावं दोन कशी?"

"एक फाइव्ह जी आहे, ते जास्त वेगाचं."

"हे मशीन त्याला ओळखत नाही. साधं आहे ते द्या त्याला."

साधं दिलं आणि दिवा स्थिर झाला. "आयितु," म्हणाले, म्हणजे झालं. चहा पिऊन गेले.

दसऱ्याला यायचं म्हणत होतात. यंदा राहू द्यावं असं मला वाटतं. दिव्यांची रोषणाई बघायला इतकी माणसं येतात की आमच्या रस्त्यावरसुद्धा चालता येत नाही. थंडीत निवांत या. मिलिंद सध्या घरूनच काम करतो. कामाचा रेटा आहे, म्हणून वेगळं लिहीत नाही. माझं पत्र दोघांचं समजा.

काळजी घ्या.

तुमची
मृदुला


म्हैसूर
२४ सप्टेंबर २०२५

ती. आईंना नमस्कार.

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. परवा वाचलं, काल पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिलंय की अक्षर छान मोठं आहे, चष्म्याशिवाय वाचता आलं. त्यापुढचंही वाचलं.

तुम्ही कानाचं मशीन कपाटात ठेवून दिलंत. दुपारच्या भजनाला जाणं सोडलंत. सिंधूताईंना सांगितलंत की यापुढे फोन लावून देऊ नकोस, पोर तिकडे घसा फोडून ओरडत असणार आणि मला एक अक्षर कळत नाही, त्याला कशाला त्रास. 'सगळ्यांचं बोलणं मला गेली कित्येक वर्षं कुजबुजल्यासारखंच लागतं,' असं तुम्ही लिहिलंय, 'पण मिलिंदचं तेवढं स्वच्छ ऐकू यायचं. आता तेही येत नाही. म्हणजे कान पार गेले. यंदा येत नाही तेच बरं, येऊन नुसती तोंडं बघत बसायचं.'

आई, तुमचे कान होते तसेच आहेत. आवाज मिलिंदचा गेला आहे.

हे वाचून तुम्ही उभ्या असाल तर बसा. सिंधूताई असतील तर त्यांना जवळ बसवा. तो बरा आहे, हे आधी सांगते. चालतो, जेवतो, काम करतो.

जानेवारीपासून त्याचा आवाज बसलेला होता. तुम्ही हळद-दूध घ्यायला सांगितलं होतंत. मार्चमध्ये तपासण्या झाल्या, स्वरयंत्रात कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर सापडलाय पण स्वरयंत्र काढावं लागेल. एप्रिलमध्ये काढलं. आम्ही तुम्हाला ऑफिसच्या कामासाठी चेन्नईला गेलाय असं सांगितलं तेव्हा तो इथे हॉस्पिटलमध्ये होता. आता गळ्याच्या खालच्या बाजूला एक छिद्र आहे, त्यातून तो श्वास घेतो. त्यावर सुती कापड बांधतो. व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत ना, एवढ्या उन्हाळ्यात गळ्याशी रुमाल कशाला? तो त्यासाठी.

तुम्हाला कळवायचं नाही असं त्याचं ठरलं होतं. शिकून पुन्हा बोलायला लागतो, मग सांगतो, असं त्यानं पाटीवर लिहिलं. मी हो म्हटलं. त्या वेळी मला तेच बरोबर वाटलं. ऑपरेशननंतरचा पहिला कॉल तुमचाच होता. तुम्ही दिसलात आणि सवयीनं त्याचे ओठ हलले, 'आई, कशी आहेस?' आवाज अर्थातच आला नाही. तुम्ही मशीनला हात लावलात, पुढेमागे केलंत आणि म्हणालात, "काही ऐकू येत नाही रे. गेले वाटतं माझे कान." मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, तुमच्याकडे बघून, हो म्हणून. त्यानंतर प्रत्येक कॉलला तो ओठ हलवत राहिला आणि तुम्ही स्वतःला दोष देत राहिलात. मी शेजारी बसलेली असायचे.

इथे लोक त्याच्याशी मोठ्यानं बोलतात. कृष्णमूर्तीसुद्धा. ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसेल असं माणसांना का वाटतं कुणास ठाऊक. त्याला सगळं ऐकू येतं. तुम्ही कॉलवर बोलता ते तो ऐकतो. पाणी कधी आलं, खालच्या बिऱ्हाडकरूंनी कुत्रा आणला, सगळं. कॉल संपल्यावर बराच वेळ फोन हातात धरून बसतो. तुम्ही फोन बंद केलात तर त्याचं तेही जाईल.

बोलण्यासाठी एक यंत्र मिळतं. टॉर्चएवढं असतं, गळ्याला लावून ओठ हलवायचे की शब्द उमटतात. आवाज एकसुरी येतो, माणसाचा वाटत नाही. बोलणं शिकायला जातो तिथे तो ते वापरतो. घरी कधीच नाही. डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा आवाज आहे, असं त्यानं मला लिहून दाखवलं, आणि हा आवाज आईला ऐकवायचा नाही, असंही.

मी हे पत्र त्याला न विचारता लिहिते आहे. त्याला दिलेला शब्द मोडते आहे. तो रागावेल, ते मी बघेन. पण तुम्ही धडधाकट कान कपाटात ठेवून गप्प बसावं, हे मला आता सहन होत नाही.

मृदुला


२४ तारीख, संध्याकाळी

वरचं दुपारी लिहिलं. पाकीट बंद करणार होते, पण झालं ते तुम्हाला कळायला हवं.

मिलिंद कुक्करहळ्ळी तळ्यावर फिरायला गेला होता. तो यायच्या आत छापून घ्यावं म्हणून मी आतल्या खोलीतून बटण दाबलं. बाहेर कागद सरकल्याचा आवाज आला आणि मग थांबला. जाऊन बघते तर तो हॉलमध्ये उभा होता. ढग भरून आले म्हणून अर्ध्यावरून परत आला होता. पहिला कागद त्याच्या हातात होता. प्रिंटरचा लाल दिवा लागला होता, आतले कागद संपले होते.

तो वाचत होता. अक्षर एवढं मोठं आहे की एका पानावर फारसं मावत नाही, तरी त्याला बराच वेळ लागला. पान जिथे संपलं होतं तिथे वाक्यही अर्धंच होतं: 'आई, तुमचे कान होते तसेच आहेत. आवाज'.

मला वाटलं तो फाडेल. त्यानं ते पान टेबलावर पालथं ठेवलं. कपाट उघडलं, कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला, कडा नीट जुळवल्या आणि मशीनमध्ये घातला. बटण दाबलं. उरलेली पानं एकेक करून आली. तो उभ्यानंच एकेक घेऊन वाचत गेला. ओठ हलवण्याचं जिथे लिहिलंय तिथे खुर्चीत बसला.

"मी पाठवणार आहे," मी म्हणाले. "तुला आवडो न आवडो."

तो उठून आत गेला. मला वाटलं, दार लावून घेईल. परत आला तेव्हा हातात ते यंत्र होतं. त्यानं गळ्याजवळ जागा शोधली. पहिल्यांदा नुसती घरघर आली. जरा वर सरकवून पुन्हा लावलं.

"पाठव," तो म्हणाला.

घरात मी एप्रिलनंतर ऐकलेला त्याचा हा पहिला शब्द. आवाज तो म्हणतो तसाच आहे, मी गोड करून सांगत नाही. पण 'ठ' त्याचाच होता.

मग आम्ही चहा केला. मी विचारलं, आईंना अजून काही लिहायचंय का. हो म्हणाला, मान हलवून. छापू का विचारलं तर पेन मागितलं. खाली आहे ते त्याच्या हातचं, तुम्हाला दिसावं म्हणून त्यानंही मोठं काढलंय.

मृदुला


आई,
रागावलीस तर रागाव, पण फोनवर रागाव.
रविवारी सकाळी मी लावतो. मशीन घालून बस. आधी घरघर येईल, फोन खाली ठेवू नकोस. मीच असेन.
मिलिंद